कुत्र्यांच्या डॉक्टरचा झगा

५ नोव्हेंबर

कोळसा आला एकदाचा. ट्रकवाल्याने सगळा ढीग रस्त्यावरच ओतला आणि वर मलाच म्हणतो, "एजे, तुमच्या कुत्र्यांच्या भीतीने आत येत नाही." एवढा मोठा बाप्या! इथे सगळं गाव मला एजे म्हणतं, थोरली बहीण, पण बहिणीचं ओझं उचलायची वेळ आली की सगळे गायब. मी आणि वाल्याने फावड्याने ओढून तो आत घेतला. वाल्या ही आमची रशियन स्वयंपाकीण, म्हणजे कुत्र्यांची. मोठ्या कढईत कोंडा आणि आतडी शिजवते आणि ढवळता ढवळता मला ऐकवते.

संध्याकाळी पैसे वाटले. आधी कोळसेवाला, मग धान्यवाला, मग औषधांचं दुकान, मग वाल्या. डब्यात उरलं ते कुबानिचला दिलं. गेल्या महिन्यापेक्षा कमीच होतं. त्याने मोजलंसुद्धा नाही. खिशात घातलं आणि म्हणाला, "असू द्या एजे, पुढच्या महिन्यात बघू." सहा वर्षं झाली हा आमच्या आश्रयगृहाचा डॉक्टर आहे, पण पैशाचा विषय एकदाही तोंडातून काढला नाही. शाळेत माझ्या वर्गात होता तेव्हाही असाच. बेडूक कापायला सगळ्यांत पुढे, बक्षीस घ्यायला सगळ्यांत मागे. अशी माणसं आता होत नाहीत. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं त्याचं सार्थक झालं म्हणायचं.

घोडा विकला म्हणे त्याने. हल्ली गावातून चालत येतो. बरंच झालं, चाललेलं तब्येतीला चांगलं. जेवायला बस म्हटलं तर म्हणतो पोट भरलंय. बायको चांगलं करून घालत असणार.

९ नोव्हेंबर

नगरपालिकेतून तो चष्मेवाला तरुण आला होता. चहाचे तीन पेले रिचवले आणि जाता जाता सांगतो कसा, "एजे, शिक्का मारणारा डॉक्टर आहे तोवर तुमचा परवाना आहे. डॉक्टर गेला की परवाना गेला, आणि मग आमचे बंदूकवाले आहेतच." हसत हसत म्हणाला मेला.

मी पाहिलंय त्यांचं काम. शाळेमागच्या गल्लीत एका सकाळी बर्फ लाल झाला होता आणि पोरं त्यावरून शाळेत येत होती. त्याच दिवशी माझ्या पायरीखाली पांढऱ्या छातीचं एक पिल्लू दडून बसलेलं सापडलं. तोच अकतोश. आता म्हातारा झालाय, लिहिताना माझ्या पावलांवर झोपतो. त्याच्यापासून हा सगळा व्याप सुरू झाला. आज आवारात दीडशेच्या आसपास जीव आहेत आणि ते सगळे एका माणसाच्या शिक्क्यावर टांगलेले. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण असं तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं.

त्यात वाल्याने आणखी भर घातली. "तुमच्या डॉक्टरला बेइशेनने बोलावणं धाडलंय, कळलं का?"

बेइशेन म्हणजे घोडेवाला. घोड्यांवरून मेलेला बकरा खेचायच्या खेळातले घोडे पाळतो, एकेक घोडा एकेका घराच्या किमतीचा.

"तिप्पट पगार," वाल्या म्हणाली, "आणि हिवाळ्याचा कोळसा वेगळा."

"बेइशेनला छप्पन्न डॉक्टर मिळतील. कुत्र्यांचं ऑपरेशन करणारा सरोवराच्या या बाजूला हा एकटाच आहे."

"म्हणून काय झालं? घोड्याला किंमत असते म्हणून त्याच्या डॉक्टरला असते. आपली कुत्री बाजारात कोण घेतं? फुकटचा माल, फुकटचा डॉक्टर."

"वाल्या, हे पुण्याचं काम आहे."

"मग द्या पुण्य, टाकते कढईत."

तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पण आज जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर

उलरिकेचे पैसे आले. ही जर्मनीतली बाई उन्हाळ्यात येऊन गेली होती, चार दिवस कुबानिचच्या शेजारी उभी राहून कात्र्या पुसून देत होती. एरवी तिकडची माणसं कुत्र्यांसाठी पैसे पाठवतात. ज्याचा फोटो गोड त्याला जास्त. तीन पायांच्या कुत्र्याला तर इतके आले की त्यात सगळ्यांचा महिना निघाला. मागे एकदा मी शाळेतलं मोडकंतोडकं जर्मन जमवून विचारलं होतं, डॉक्टरच्या पगारासाठी कोणी देईल का? तर म्हणाली, लोकांना डोळे दिसले की पैसे सुटतात, पगाराला डोळे नसतात.

या वेळी मात्र तिने स्पष्ट लिहिलंय: हे फक्त डॉक्टरसाठी. कुत्र्यांच्या खाण्यात घालू नकोस.

रक्कम चांगली घसघशीत आहे. एकदा मनात आलं, सरळ नोटा उचलाव्यात आणि त्याच्या हातात ठेवाव्यात. पण मग त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. लाजेने लाल होईल बिचारा. आपल्या विद्यार्थ्याच्या हातावर नोटा टेकवायच्या म्हणजे स्टेशनवरच्या हमालाला दिल्यासारखं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही आलं मनात. पैसे काय, आज येतात, उद्या खर्च होतात आणि परवा माणूस बेइशेनच्या तबेल्यात उभा असतो. त्याला धरून ठेवील असं काहीतरी हवं.

१७ नोव्हेंबर

सुचलं! इतकं साधं कसं सुचलं नव्हतं? कुबानिचला चापान घालायचा. चारचौघांत, बुजुर्गांच्या हातून, पंगतीत. आपल्याकडे माणसाचा याहून मोठा मान नाही. बाजारात जाऊन सगळ्यांत भारी चापान निवडला, पायापर्यंत घोळणारा निळा मखमली झगा, काठाला शिंगांच्या नक्षीचं जरीकाम, वर पांढरी उंच टोपी. दुकानदारणीला सांगून अस्तरावर त्याचं नावही विणून घेतलं, जरीच्याच धाग्याने. मेंढा सांगून ठेवला.

वाल्याने हात पुसत पुसत झगा पाहिला. "हे त्या जर्मन बाईच्या पैशांतून?"

"डॉक्टरसाठीच आलेत ना ते? मग डॉक्टरवरच खर्च करतेय."

"मेंढाही डॉक्टरच खाणार वाटतं."

हिला आपल्या रीती काय कळणार?

२४ नोव्हेंबर

आज मन भरून आलंय. कार्यक्रम माझ्या घरी ठेवला, कारण कुत्र्यांच्या आवारात बुजुर्ग जेवायला येणार नाहीत. चाळीसेक माणसं झाली. मांस वाटताना मी सतार अतांची, गावातल्या सगळ्यांत थोरल्या आजोबांची, परवानगी मागितली आणि कमरेचं हाड, जे नेहमी सगळ्यांत मोठ्या माणसाच्या ताटात जातं, ते कुबानिचच्या पुढे ठेवलं. चौतिशीतला पोरगा! पंगतीत कुजबूज झाली. कुत्र्यांच्या डॉक्टरपुढे हे हाड या गावात कोणी कधी ठेवलं नसेल.

मग सतार अता उठले. नव्वदीचे आहेत पण आवाज अजून खणखणीत. त्यांनी चापान त्याच्या खांद्यांवर घातला, टोपी चढवली आणि हात पसरून म्हणाले, "हा मुलगा या मुक्या जिवांना सोडून कधी जाणार नाही. अल्ला त्याचं भलं करो." सगळ्यांनी आमीन म्हणत तोंडावरून हात फिरवले. टाळ्या वाजल्या. कुबानिच मान खाली घालून उभा होता. भारावून गेला होता.

त्याची बायको जिपार आली होती. तिसरं आहे पोटात, थोडं थोडं दिसायला लागलंय. निघताना झग्याचा काठ बोटांत धरून तिने हळूच विचारलं, "एजे, हा केवढ्याला असेल?"

तिला इतका आवडलेला पाहून मला बरं वाटलं. म्हटलं, "मानाची किंमत विचारत नाहीत गं."

२ डिसेंबर

बेइशेनला त्याने नाही म्हणून सांगितलं! वाल्यानेच बातमी आणली, आणि एरवी दहा गोष्टी ऐकवणारी बाई आज गप्प होती. मी मात्र अकतोशचे पुढचे पाय धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. म्हाताऱ्याला काही कळेना, पण शेपटी हलवत होता.

मेंढ्याच्या खर्चाने डब्याचा तळ दिसायला लागलाय, त्यामुळे या खेपेला कुबानिचला फारच थोडं देता आलं. "असू द्या एजे," म्हणाला. आवाज जरा बसलेला वाटला. थंडी वाढलीय.

१३ डिसेंबर

कुबानिचचं काही खरं नाही. आठवडाभर रोज उशिरा येतोय. डोळे तांबारलेले, बाह्यांना गवताच्या काड्या. आज औषधांच्या खोलीत पाहते तर बाकावर बसल्या बसल्या झोपलेला, हातात सिरिंज तशीच. हाक मारली तर दचकून उठला आणि मलाच "कोण?" म्हणाला.

"बरं नाही का रे?"

"बरं आहे एजे."

"घरी काही?"

"काही नाही एजे."

मी लहान मूल नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांचे असे डोळे मी खूप पाहिलेत. कुठेतरी गवताच्या गंजीत बसून पिणं चालू असणार. मान मिळाला की काही माणसांच्या डोक्यात जातो. याच्याबद्दल मला असं वाटलं नव्हतं. वाल्याला विचारलं तर म्हणाली, "मला काय विचारता, त्याला विचारा," आणि पाठ फिरवली.

१९ डिसेंबर

अकतोश कालपासून खात नाही. सारखा पोटाकडे वळून बघतो. कुबानिचने पोट चाचपून पाहिलं. आतड्यात हाड अडकलंय म्हणाला, उद्या काढू. "साधं काम आहे, काळजी करू नका." असली ऑपरेशनं त्याने कितीतरी केलीत. काळजी मी करत नाहीच आहे.

२० डिसेंबर

अकतोश गेला.

२२ डिसेंबर

आज लिहिते.

हाड निघालं होतं. पोट शिवून झालं होतं. तो शुद्धीवर यायला लागला, माझा हात चाटला. मी त्याला पाणी आणायला गेले. परत आले तर हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. कुबानिचने पुन्हा पोट उघडलं, आत सगळं रक्त. मग तो थांबला. हात तसेच धरून उभा राहिला.

"गाठ सुटली एजे," म्हणाला. "शिरेला मारलेली गाठ. मी नीट आवळली नाही. चूक माझी आहे."

सबब सांगितली असती तर कदाचित मी गप्प बसले असते. पण सरळ सांगितलं त्याने, आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "प्यायला होतास?" वाल्या दारात होती. औषधवाल्याचा माणूस खोकं घेऊन उभा होता. तरी मी पुन्हा म्हटलं, "बोल ना, प्यायला होतास ना? त्याच हाताने माझा कुत्रा मारलास?"

त्याने हात धुतले, कुदळ घेतली आणि कुंपणाशी खणायला लागला. जमीन दगडासारखी गोठलेली. दुपारपर्यंत खणत होता. मी खिडकीतून पाहत होते आणि मला त्याची कीव आली नाही, हे लिहून ठेवते.

पावलांवर काही नसलं की लिहितानाही थंडी वाजते.

२९ डिसेंबर

तो येतो, काम करतो, जातो. मी बोलत नाही. नवीन आलेल्या दोन कुत्र्यांची ऑपरेशनं त्याने पुढे ढकलली. म्हणाला, "हातांवर भरवसा नाही एजे." 

४ जानेवारी

आज दुपारी जिपार आली. पोट आता चांगलंच दिसतं, बर्फातून चालत आल्याने धाप लागली होती. हातात बोचकं. चहाला बस म्हटलं तर बसेना. बोचकं टेबलावर ठेवून गाठ सोडली. आत चापान होता, व्यवस्थित घडी केलेला, वर टोपी.

"एजे, हे परत घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मानाचं वस्त्र कोणी परत करतं?"

"म्हणूनच मी आणलं. तो मेला तरी आणणार नाही."

"त्याने पाठवलं का तुला?"

"त्याला माहीत नाही." मग एकदम तिचा आवाज चढला. "तुम्ही त्याला दारुडा म्हणालात. परक्या माणसांसमोर. त्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, एजे. तो रात्री बेइशेनच्या तबेल्यावर राखण करायला जातो."

मी म्हटलं, बेइशेनला तर त्याने नाही सांगितलं होतं.

"डॉक्टर म्हणून नाही सांगितलं. बेइशेन अजून तयार आहे. पण हा म्हणतो, चाळीस माणसांच्या देखत अंगावर चापान घेतला, सतार अतांनी शब्द उच्चारला, आता दिवसाउजेडी त्या फाटकातून आत कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणून अंधार पडल्यावर जातो. राखणदार म्हणून. ज्या घोड्यांना औषध द्यायचं त्यांच्या गवतात बसून राहतो, आणि पहाटे तिथून चालत तुमच्याकडे येतो."

मी खुर्चीवर बसले.

"मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार? तुम्ही त्याच्या बाई. तुमच्यासमोर तो अजून वर्गात उभा असल्यासारखा उभा राहतो. घरी म्हणतो, एजे स्वतःसाठी काही घेत नाहीत, मी कसं मागू? आणि मी मुलांना काय घालू?" तिने डोळे पुसले. "मी हा विकायलाही नेला होता. लाज सोडून नेला. दुकानदारणीने उलटून पाहिला. अस्तरावर नाव विणलंय ना त्याचं. म्हणाली, नाव असलेला चापान कोण घेणार, बाई?"



दारापर्यंत जाऊन ती वळली. "तुम्हीच चढवलात, एजे. तुम्हीच उतरवा. त्याला स्वतःला नाही उतरवता येणार."

ती गेल्यावर आधी मला रागच आला. काय जीभ आहे पोरीची! एवढा खर्च केला, एवढी माणसं जेवली. मग गवताच्या काड्या आठवल्या. मग ती गाठ. माणूस किती रात्री झोपला नाही म्हणजे त्याच्या हातून गाठ सैल बसते? अकतोशला कोणी मारलं, हे मी औषधवाल्याच्या माणसासमोर मोठ्याने ओरडून सांगितलं होतं.

झगा टेबलावरच आहे. मला त्याला हात लावता येत नाही.

६ जानेवारी

सतार अतांकडे गेले. सगळं सांगितलं, उलरिकेच्या पैशांसकट. म्हटलं, अता, तुम्ही घातलेला चापान तुम्हीच काढा, त्याला मोकळं करा.

म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मी म्हटलं, कुत्र्यांना सोडून जाणार नाही. उपाशी राहील असं कुठे म्हटलं होतं?"

"माझं चुकलं, अता."

"किती देतेस त्याला महिन्याला?"

आणि मला सांगता येईना. लपवायचं होतं म्हणून नाही. मला खरंच माहीत नव्हतं. कोळसेवाल्याचं तोंडपाठ, कोंड्याच्या पोत्याचा भाव तोंडपाठ, वाल्याचा पगार ठरलेला, कारण वाल्या कमरेवर हात ठेवून ठरवून घेते. कुबानिचला डब्यात उरेल ते. कधी जास्त, कधी कमी, कधी अर्ध्याचं अर्धं. सहा वर्षांत त्याच्या कामाला मी एक आकडासुद्धा दिला नव्हता. मान दिला, हाड दिलं, मखमल दिली.

"माझा मेंढपाळ," सतार अता म्हणाले, "तो मला बापासारखा मानतो. तरी दरवर्षी रविवारच्या बाजारात हातात हात घेऊन त्याचा पगार ठरवतो मी. भांडतो मेला. त्याशिवाय त्याला झोप लागत नाही आणि मलाही नाही." मग खोकत खोकत हसले. "चापान राहू दे. चांगला चापान आहे. थंडीचे दिवस आहेत."

उलरिकेला लिहिलं. जे केलं तेच लिहिलं. शाळेतल्या जर्मनमध्ये सबबी सांगायचे शब्द नाहीतच, ते एक बरं झालं.

१२ जानेवारी

रविवार. पहाटेच जनावरांच्या बाजारात गेले. कुबानिच रविवारी तिथे मेंढ्यांना सुया टोचतो हे मला माहीत होतं. आवड म्हणून जातो अशी माझी समजूत होती.

गोठलेल्या शेणाचा चिखल, मेंढ्यांचा कालवा, तोंडातून वाफा. तो एका ट्रकमागे बकऱ्याचा पाय धरून बसला होता. मला पाहून उठला, हात पँटला पुसले. "एजे? काय झालं? कोणतं कुत्रं?"

मी हात पुढे केला. सौद्याला करतात तसा, पंजा उघडून.

त्याला कळेना. आजूबाजूची माणसं मात्र वळली. बाई माणूस, त्यात शाळेच्या बाई, सौद्याचा हात धरून उभी! एक दलाल धावत आला, मोठ्या मिश्यांचा. त्यांना असलं काही दिसलं की राहवत नाही.

"एजे, काय घेताय? मेंढा? गाय?"

"डॉक्टर," मी म्हटलं.

हशा पिकला. कुबानिचचा चेहरा कानापर्यंत लाल. "एजे, चला, बाजूला बोलू."

"बाजूला नाही. चापान चारचौघांत घातला होता, हेही चारचौघांतच होईल. हात दे."

दलालाने त्याचा हात ओढून माझ्या हातात कोंबला, वर स्वतःचे दोन्ही पंजे दाबले आणि रीतीप्रमाणे गदागदा हलवायला लागला. "बोला बोला! आठवड्याचे किती दिवस?"

"तीन दिवस माझ्याकडे," मी म्हटलं. "बाकीचे दिवस बेइशेनकडे, दिवसाउजेडी, डॉक्टर म्हणून. सतार अतांना विचारून आलेय. आणि रात्री घरी झोपायचं." मग मी आकडा सांगितला. मला वाटलं फार मोठा सांगितला.

कुबानिच खाली बघत राहिला. दलाल हात हलवतच होता. माझा खांदा निखळायची वेळ आली. मला वाटलं आता म्हणेल, असू द्या एजे. तसं म्हणाला असता तर मला तिथेच रडू फुटलं असतं.

त्याने मान वर केली आणि आकडा सांगितला. माझ्यापेक्षा बराच वरचा.

माझे डोळे पांढरे झाले. मी हात मागे घ्यायला गेले तर दलाल सोडेना. "अहो, सोडू नका एजे, मोडेल! बोला, वाढवा!"

"अरे, कुठून आणू मी एवढे?"

"माहीत नाही एजे," तो म्हणाला. नजर सरळ होती. वर्गात इतकी वर्षं मी त्याला म्हणत असे, बोलताना डोळ्यांत बघ. आज पहिल्यांदा बघितलं त्याने. "एवढ्यात माझं घर चालतं. याच्या खाली नाही चालत."

मी थोडं वाढवलं. तो थोडा उतरला. लोक ओरडत होते, कोणी माझ्या बाजूने, कोणी त्याच्या. एका मेंढपाळाने विचारलं, हा कुत्र्यांचाच डॉक्टर ना? त्याला एवढे? मी वळून त्याला झापलं, "तुझ्या मेंढ्या राखतं ते काय आहे रे, मांजर?" पुन्हा हशा. शेवटी दलालाने आमचे हात एवढ्या जोराने खाली आपटले की बोटं बधिर झाली, आणि म्हणाला, "झालं! बरकत होवो!"

हात सुटला. मग मी म्हटलं, जे म्हणायचं म्हणून रात्रभर घोकलं होतं. "कुबानिच, अकतोश तुझ्या हातून नाही गेला."

त्याने बकऱ्याचा पाय पुन्हा धरला आणि मान खाली घालून म्हणाला, "गाठ माझीच होती एजे."

"ती आवळणारा माणूस कितीतरी रात्री झोपलेला नव्हता. त्याला जागं मी ठेवलं होतं."

बकरा ओरडला. त्याने सुई टोचली. हात स्थिर होता.

१४ जानेवारी

वरच्या दोन खोल्या उन्हाळ्यात डोंगर चढायला येणाऱ्यांना भाड्याने देणार. नवीन कुत्री घ्यायची तर जागा बघून, पैसे बघून, हे फाटकावर लिहून लावलंय. काल एका बाईने टोपलीत पिल्लं आणली होती आणि मी नाही म्हटलं. ती टोपली मला अजून दिसते. पण त्या पिल्लांचं खाणं मी दुसऱ्या कोणाच्या ताटातून काढून घालत होते, तेही मला आता दिसतं. उलरिकेचं उत्तर आलेलं नाही. येईल न येईल.

चापान आश्रयगृहातच आणून खुंटीला टांगला होता. आज कुबानिचने थोपवून ठेवलेल्या दोन्ही कुत्र्यांची ऑपरेशनं केली. दुसरी, काळी कुत्री, गुंगी उतरताना थडथड कापायला लागली. शेगडी विझत आलेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरचा चापान ओढला आणि तिच्यावर पांघरला, मखमल आतून, अस्तर वर. माझ्या ओठांवर आलं होतं, अरे, जरीचा आहे तो! गिळलं. वाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि शेगडीत कोळसा घातला. कुत्रीची थरथर थांबेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो. तिच्या अंगावर जरीत त्याचं नाव दिसत होतं.

घरी येऊन जेवायला बस म्हटलं तर बसला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जाताना दारात थांबला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "एजे, एकतीस तारखेला पगार."

झोंबलं मला. एक क्षण अगदी झोंबलं, खोटं कशाला लिहू? माझ्या घरात, माझ्या तोंडावर, माझा विद्यार्थी.

"माहीत आहे मला," म्हटलं.

तो गेल्यावर डबा उघडला. कोळसेवाला उद्या येणार आहे, त्याला थांबावं लागेल. नोटा वेगळ्या काढल्या, कागदात बांधल्या, वर कुबानिचचं नाव लिहिलं आणि कपाटात अकतोशच्या पट्ट्याशेजारी ठेवून दिल्या.